काळ्या स्पंजातले किडे

आकाराम हवालदारांनी चोवीस वर्षं फौजेत काढली आणि त्यातली बहुतेक तारेच्या टोकाला बसून काढली. सिग्नलची पलटण होती त्यांची. कुणी बंदूक चालवली, कुणी तोफ ओढली; हवालदार टेलिफोनच्या पाटीपुढे बसून एकाची तार दुसऱ्याला जोडून देत. पाटीवर भोकं, भोकांत खुंट्या. ह्याची खुंटी काढायची, त्याच्या भोकात घालायची, एवढंच काम. पण ते काम त्यांनी देवपूजेसारखं केलं. त्यांचा नियम एकच होता : जोडलेल्या तारेतून शब्द नि शब्द पोचला पाहिजे आणि न जोडलेल्या तारेत कुजबूजसुद्धा जाता कामा नये.

त्र्याहत्तर साली पेन्शनीत निघून ते उंब्रजजवळच्या आपल्या गावी आले. घरचा ऊस थोरले भाऊ बघत होते, भावाची मुलं हाताशी आली होती. बांधावर उभं राहून हवालदारांनी नेमकं काय करायचं, हे कुणालाच सुचेना. ते पहाटे उठत, दाढी करत, बूट चमकवत आणि कुठंही जायचं नसताना तयार होऊन सोप्यात बसत. वर्षभर हे पाहून त्यांची पत्नी मनुबाई एक दिवस म्हणाली, "आवं, कुठंतरी कामाला तरी लागा. तुमी असं बूट घालून बसला की मला वाटतंय, तुमची गाडीच चुकली."

गाडी मिळाली ती सांगलीला. भाऊसो आरवाडे नावाच्या तरुण इंजिनियरनं बंगळूरची चांगली नोकरी सोडून औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये लहानसा कारखाना काढला होता. दहा-बारा माणसं. त्यांना स्टोअर सांभाळायला भरवशाचा माणूस हवा होता. फौजेतला हवालदार म्हटल्यावर भाऊसोंनी पुढं काही विचारलं नाही. हवालदारांनी शेडजवळच एक खोली घेतली. आठवडाभर तिथं राहायचं आणि रविवारी एसटीनं गावी जायचं, असा त्यांचा शिरस्ता पडला.

कारखान्यात मोजमापाच्या पेट्या तयार होत, त्याही मुख्यतः साखर कारखान्यांसाठी. उसाचा रस ठिकठिकाणी उकळतो, तो कुठं किती तापलाय हे एका खोलीत बसून कळावं लागतं. चोवीस ठिकाणांहून चोवीस तारा त्या खोलीत येतात, पण मीटर एकच. एक खटका फिरवायचा; एकवर ठेवला की पहिल्या ठिकाणाचं तापमान, दोनवर ठेवला की दुसऱ्याचं. आता साखर कारखान्यातली हवाच चिकट. सहा महिन्यांत खटक्याच्या पितळी पट्ट्या काळ्या पडत, काटा अडखळू लागे आणि मग कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन त्या घासत बसे. भाऊसोंच्या डोक्यात आलं की खटकाच काढून टाकायचा. हलणारं, घासणारं, ठिणगी पाडणारं असं पेटीत काही ठेवायचंच नाही. ते काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप आता परदेशात मिळू लागल्या होत्या.

त्या चिप यायला चौदा महिने लागले. परवाना, मुंबईचा एजंट, कस्टम, पुन्हा परवाना. सत्त्याहत्तरच्या गणपतीनंतर एकदाचं खोकं आलं. पेढ्याच्या खोक्याहून मोठं नव्हतं. आत काळ्या स्पंजाच्या जाड पट्टीत पाय रोवून एकशेवीस चिप बसल्या होत्या. काळं अंग, दोन्ही बाजूंना सात-सात चंदेरी पाय. सोल्डरिंगवाल्या बायका बघायला आल्या. शालूबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आगं बया, ह्ये तर किडं!" तेव्हापासून कारखान्यात त्यांचं नाव किडेच पडलं.

भाऊसोंनी एक किडा चिमट्यात धरून हवालदारांना समजावलं, "ह्यात चार खटके आहेत. पण हलत काहीच नाही. ह्या पायाला बारीकशी वीज दिली की ह्या पायापासून त्या पायापर्यंत वाट मोकळी. वीज काढली की वाट बंद."

हवालदार वाकून बघत होते. "म्हंजे सायब, ही टेलिफोनची पाटीच हाय. आत चार आपरेटर बसल्यात."

भाऊसो मनापासून हसले. "साखर कारखान्याच्या संचालकांना हेच सांगताना माझा घसा बसला होता."

"आन् वाट बंद आसली की? पलीकडं कुजबूज?"

"एक थेंब गळत नाही. खटका चालू असताना सगळ्यांची वाट सारखी आणि बंद असताना काहीही गळायचं नाही, ह्याच्यासाठी तर चौदा महिने थांबलो."

हवालदारांना तो किडा आपल्याच पलटणीतला वाटला.

भाऊसोंनी लाकडाच्या फळीवर बॅटरी, बटण आणि एक नाजूक मीटर बसवून तपासणीची सोय केली होती. किडा फळीत बसवायचा, वाट बंद ठेवायची आणि काटा बघायचा. काटा हलला तर किडा गळका. त्यांनी दहा किडे तपासले. दहाही वेळा काटा जागचा हलला नाही. मग खोकं हवालदारांच्या हातात देऊन ते म्हणाले, "तळहाताच्या फोडासारखे जपा. पुन्हा कधी मिळतील ते सांगता येत नाही." आणि त्याच दुपारी ते फलटणकडच्या एका साखर कारखान्यात बोलणी करायला निघून गेले.

तो काळा स्पंज हवालदारांना पहिल्यापासून आवडला नव्हता. हात लावला की बोटं काजळल्यासारखी होत. कडा भुगा होऊन झडत होत्या. इतक्या मोलाचा माल असल्या घाणीत ठेवणं त्यांना पटेना. फौजेत साहेबाच्या पाहणीच्या दिवशी खाटेवर सामान मांडून ठेवतात. पाण्याचा मग, थाळी, वस्तरा, ब्रश, सगळं एका रेषेत, सगळं चकचकीत. ती चोवीस वर्षांची सवय हातात होती. कारखान्याच्या गणपतीला मखर केलं होतं, त्याचं पांढरंशुभ्र थर्माकोल कोपऱ्यात शिल्लक होतं. हवालदारांनी त्याचा चौकोन कापला आणि शंभर किडे एकेक करून स्पंजातून उपटून त्यात रोवले. दहा ओळी, ओळीत दहा. रेषा पट्टी लावून पाहावी अशी सरळ. वीस किडे मावले नाहीत, ते स्पंजातच राहू दिले. मग ह्या थर्माकोलवर धूळ बसू नये, वरून काही आदळू नये म्हणून त्यांनी आपल्या अंथरुणातल्या घोंगडीचा तुकडा कापून त्यावर घातला.

रोज सकाळी नऊला ते घोंगडी दूर करत, किडे मोजत, दिवसाकाठी कुणाला द्यायचे ते देत आणि पुन्हा पांघरूण घालत. दारावरचा केरबा वॉचमन चिडवायचा, "काय हवालदार, झाली का पलटणीची हजेरी? कुणी रजेवर गेलंय का?"

"तुज्यागत न्हाईत ती. एकबी गैरहजर न्हाई."

सोल्डरिंगचं अवघड काम बनुबाईकडं होतं. तिशीची बाई. तिच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला आणि पोरीला नववीपर्यंत शिकवली. मिरजेला भावाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून ती तारांच्या जोडाला कथलाचा डाग द्यायला शिकली होती. नवरा वारला होता. आई आणि लहान मुलगी तिच्या हातावर होत्या. पण हात असा, की तिनं दिलेला डाग मिरीच्या दाण्याएवढा आणि चकचकीत. कारखान्यात कुणी पाहुणा आला की भाऊसो त्याला आधी बनुबाईच्या टेबलाशी नेत.

किडे न्यायला ती पहिल्यांदा स्टोअरच्या खिडकीशी आली, तेव्हा थर्माकोलकडं बघून म्हणाली, "मामा, ते काळं कुठं गेलं?"

"कसलं काळं?"

"सायबांनी दावलं तवा काळ्या स्पंजात हुतं की."

"फेकायच्या लायकीचं हाय ते. हात बघ कसं बरबटत्यात."

"पर येवढ्या लांबनं आलंय. उगंच कोण घालून धाडंल? काय तरी कारण आसंल."

"बनुबाई, तू डाग दे. स्टोअर माझं हाय."

"बरं बाबा, तुमचं स्टोअर," म्हणून ती हसत निघून गेली. हवालदारही हसले.

त्या साली थंडी कडक आणि कोरडी पडली. डिसेंबरात घोंगडी उचलली की तडतड असा बारीक आवाज यायचा आणि हवालदारांच्या मनगटावरचे केस उभे राहायचे. एकदा तर स्टोअरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात निळसर ठिणगी चमकलेली त्यांनी पाहिली. त्यांना गंमत वाटली. केरबाला बोलावून त्यांनी दाखवलं, "बघ गड्या, घोंगडीसुदा सलाम ठोकती."

जानेवारीत तीन पेट्या तयार होऊन फलटणकडच्या त्या कारखान्यात बसल्या. ऐन गाळपाचे दिवस होते. पंधरा दिवसांनी भाऊसोंना तातडीचा निरोप आला. पेटीवर सातव्या ठिकाणचं तापमान आठव्यात मिसळत होतं, आठव्याचं नवव्यात. काटा थांबायचा तिथं थांबत होता, फक्त आकडा खोटा असायचा. त्यावर भरवसा ठेवून एका माणसानं कढई जास्त तापवली आणि साखरेची अख्खी खेप काळपट झाली. कारखान्याचे केमिस्ट चार माणसांदेखत भाऊसोंना म्हणाले, "आरवाडे, तुमच्या पेटीपेक्षा आमचा खटका बरा होता. तो बंद पडायचा, पण खोटं बोलत नव्हता."

भाऊसो तीनही पेट्या जीपमध्ये घालून परत आले. दोन दिवस ते तपासणीच्या फळीपुढून उठले नाहीत. पेट्यांतले किडे सोडवून एकेक फळीवर तपासले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हवालदारांना आणि बनुबाईला समोर उभं केलं. बाकीचे आपापल्या टेबलाशी माना खाली घालून ऐकत होते.

"माल आला तेव्हा मी स्वतः दहा तपासले," भाऊसो म्हणाले. "दहाच्या दहा उत्तम. आता पेट्यांतले अठरा तपासले, अकरा गळतायत. मधे दोघांचेच हात लागलेत. हवालदार, तुमचे आणि हिचे."

हवालदारांच्या कानशिलांत रक्त चढलं. आजवर त्यांच्या ताब्यातल्या सामानावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ते ताठ झाले. "सायब, लेकरावानी घोंगडीखाली ठेवल्यात. एकालाबी धक्का लागल्याला न्हाई. पायजे तर आत्ता काढून तपासा."

"तुम्ही सांगितल्यावर तपासायचं काय?" भाऊसो म्हणाले आणि बनुबाईकडं वळले. "मग सोल्डरिंगची इस्त्री जास्त तापली. किंवा जास्त वेळ टेकली."

"न्हाई सायब. दोन आकडं मोजायच्या आत मी डाग देती. तीन कवा झालं न्हाई." तिनं हवालदारांकडं बघितलं. "मामा, तुमी रोज बघताय न्हवं माझा हात?"

हवालदारांना तिचा हात ठाऊक होता. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त आपलं स्टोअर होतं. ते म्हणाले, "हात चांगलाच हाय तिचा. पर स्टोअरात काय बिघाड न्हवता, येवढं मी छातीवर हात ठिवून सांगतो."

त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांना जे ठाऊक होतं तेच ते बोलले.

बनुबाई रडेल, भांडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "मामा खोटं बोलत न्हाईत. मग माझाच हात चुकला आसंल." टेबलाशी जाऊन तिनं सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक ओल्या फडक्याला पुसलं, प्लग काढला, वायरची गुंडाळी केली आणि डबा घेऊन ती गेली. त्याच दिवशी भाऊसोंनी साखर कारखान्याला पत्र लिहिलं : दोष जोडणी करणाऱ्या कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला, सदर कामगारास कामावरून दूर केले आहे.

इस्त्री शालूबाईकडं आली. तिचा डाग बोराएवढा पडे, कधी दोन पाय एकमेकांना चिकटत. पेट्या पुढं सरकेनात. भाऊसोंनी आता नियम केला, स्टोअरमधून निघणारा प्रत्येक किडा आधी फळीवर तपासायचा. हे काम अर्थातच हवालदारांकडं आलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका दुपारी, त्यांनी थर्माकोलमधून पहिला किडा उपटून फळीवर बसवला. वाट बंद ठेवली. काटा हलला.

त्यांना वाटलं, बॅटरी. त्यांनी बॅटरी बदलली. काटा हललाच. दुसरा किडा ठीक निघाला. तिसरा गळका. चौथा गळका. पहिल्या ओळीतले सहा गळके निघाले. ह्या किड्यांना इस्त्री कधी शिवलीच नव्हती. ते आजतागायत घोंगडीखालून बाहेर निघालेच नव्हते.

मग त्यांना ते उरलेले वीस आठवले. काळा स्पंज कपाटाच्या तळाशी पडला होता. त्यांनी तो काढला आणि एकेक किडा तपासला. वीसच्या वीस वेळा काटा चित्रातल्यासारखा जागच्या जागी राहिला.

खोक्याबरोबर एक छापील कागद आला होता. फौजी माणूस कागद टाकत नाही; त्यांनी तो तेव्हाच फाइलला लावून ठेवला होता. आता चष्मा लावून ते तो वाचायला बसले. फौजेतलं इंग्रजी, तेही तुटपुंजं. बरेच शब्द कळेनात. पण एका चौकटीत हाताचं चित्र होतं आणि त्यावर फुली. काळ्या फोममधून काढू नये, असं खाली होतं. कशाकशाचा स्पर्श नको त्याची नावं होती. त्यात प्लास्टिक होतं, थर्माकोल वेगळ्या नावानं होतं आणि लोकर होती. लोकरीचा इंग्रजी शब्द त्यांना चांगला ठाऊक होता. चोवीस वर्षं जर्सीच्या गळपट्टीवर तो त्यांनी वाचला होता.

ती तडतड, ते उभे राहणारे केस, ती निळी ठिणगी. रोज सकाळी नऊ वाजता, पहारा देतोय असं समजून, ते आपल्या हातानं त्या किड्यांवर घोंगडीतली वीज पाडत होते.

पुढचे आठ दिवस हवालदारांनी ही गोष्ट मनातच ठेवली. थर्माकोलवर घोंगडी मात्र घातली नाही. केरबानं विचारलं, "हजेरी बंद का हो?" तर त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की तो पुन्हा विचारायला आला नाही. बोलावं असं रोज वाटे. भाऊसोंच्या दारापर्यंत जाऊन ते परत फिरत. लढाईत डोक्यावरून गोळे जात असताना ज्या माणसाचा हात खुंटी घालताना कापला नाही, त्याची इथं चार शब्दांसाठी पाचावर धारण बसली होती.

रविवारी गावी गेले, तिथंही जेवण जाईना. शेवटी त्यांनी मनुबाईला सगळं सांगितलं. तिला किडे काय ते कळलं नाही, बाकीचं कळलं.

"मग बोला की," ती म्हणाली. "कुणाला भ्येताय? सायबाला?"

"सायबाला न्हाई."

"बाईला?"

हवालदारांनी पुढचं ताट बाजूला सारलं.

"त्या बाईनं तुमच्या शब्दावर सवताला चोर ठरवून घेतलंय. आठ दिस झालं म्हंता. नववा कशाला घालिवताय?"

सोमवारी त्यांनी भाऊसोंच्या टेबलावर दोन्ही ठेवलं, थर्माकोल आणि स्पंज. फळी आणली आणि एकेक किडा तपासून दाखवला. मग तो छापील कागद पुढं केला.

भाऊसोंनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मी वाचला होता हा. माल आला त्याच दिवशी. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

हवालदारांनी कागदाची घडी करून तो खिशात ठेवला.

"मग सायब, बनुबाईचं?"

"बोलवा तिला. शालूबाईच्यानं काम होत नाही, बघताय ना तुम्ही. पुढच्या हंगामाच्या आधी पेट्या द्यायच्यात. म्हणावं, झालं गेलं विसर आणि ये."

"आन् चूक कुणाची म्हणून सांगू?"

"ते कशाला उकरायचं, हवालदार? ये म्हटलं की येईल."

"साखर कारखान्याला गेल्यालं पत्र?"

भाऊसोंनी मान हलवली. "आता काय लिहू त्यांना? माल कसा ठेवायचा ते आम्हालाच ठाऊक नव्हतं, असं? मग उद्यापासून माझ्या दारात कोण उभं राहील? ह्या दहा-बारा माणसांचं काय?" ते वाईट माणूस नव्हते. हे बोलताना त्यांची नजर टेबलावरच होती.

बनुबाई हळदीच्या कामाला लागल्याचं शालूबाईनं सांगितलं. हवालदार मार्केट यार्डात गेले. हळदीचा हंगाम भरात होता. एका गाळ्यापुढं पंधरा-वीस बायका हळकुंडं निवडत बसल्या होत्या. हवाच पिवळी झाली होती. बायकांच्या पापण्या, पदर, पायाच्या भेगा, सगळं पिवळं. बनुबाई कोणती ते आधी ओळखू येईना.

पुढं बसलेली आक्काताई नावाची म्हातारी म्हणाली, "आवं पावणं, हळद बघताय का बायका?"

बाया हसल्या. त्या हसण्यानं बनुबाईनं मान वर केली. "मामा? तुमी हिकडं कुठं?"

हवालदारांनी ठरवलं होतं की तिला बाजूला बोलवायचं. पण तिला दोष लागला तो चार लोकांत लागला होता. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि तिथंच उभ्यानं सांगितलं. "बनुबाई, तुजा हात चुकला न्हवता. किडं माज्याकडंच बिघडलं. त्या घोंगडीनं आन् पांढऱ्या थर्माकोलनं. मी तपासून बघितलंय. काळ्या स्पंजातलं ईसच्या ईस चांगलं निघालं."

बायकांची बोटं थांबली. कुणाला काय समजलं कुणास ठाऊक, पण एवढा पेन्शनर माणूस टोपी हातात घेऊन काहीतरी कबूल करतोय, हे सगळ्यांना दिसत होतं.

बनुबाईनं हातातलं हळकुंड ढिगावर टाकलं. मग म्हणाली, "त्या दिसापास्नं मी सुईत दोरा ववला न्हाई, मामा. पोरीच्या झंपराला गुंडी लावायची तर आईला लावाय सांगितली. सुई धरली की हात थरथरतोय. वाटायचं, ह्या हातानं सायबाचं वाटोळं केलं." ती थांबली. "भावानं दुकानात ये म्हटलं. तिथंबी गेली न्हाई."

"आता ये. सायबांनी बोलवलंय."

"सायबांनी?" तिनं मान वर केली. डोळ्यांभोवतीच्या पिवळ्या धुळीत डोळे एकदम लहान पोरीसारखे दिसले. "खरं? माजी चूक न्हवती म्हणून बोलवलं, का काम आडलंय म्हणून?"

हवालदारांना कळलं की आता एक शब्द म्हटला तर ती उद्या सकाळी टेबलाशी असेल. घरात पुन्हा नीट चूल पेटेल. तो शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती, त्या दिवशी बघत होती तशीच. त्यांच्यानं तो बोलवेना.

"काम आडलंय म्हणून," ते म्हणाले.

"आन् पत्र धाडलं हुतं म्हंत्यात, त्येचं?"

"ते तसंच ऱ्हाणार."

बनुबाईनं मान हलवली. जणू दुसरं काही तिला अपेक्षित नव्हतंच. "आमच्याकडं बोट दावाय सोपं पडतंय, मामा. परत कवा तरी किडं बिघडलं, तर परत माजाच हात. न्हाई येत मी."

"आगं, येवढं हितंपत्तुर आल्यात ते," आक्काताई म्हणाली. "म्हाताऱ्या माणसावर राग कशाला?"

"राग न्हाई ओ आक्का. त्यांच्यावर कसला राग? त्यांनी आज हितं येऊन सांगितलं, दुसरं कोण आलं आसतं?" मग ती हवालदारांकडं वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पर मामा, त्या दिवशी तुमी नुसतं 'मला ठावं न्हाई' म्हटलं आसतं, तरी चाललं आसतं."

हवालदारांना काहीतरी बोलायचं होतं. चोवीस वर्षांत 'मला ठाऊक नाही' असं त्यांनी साहेबाला कधी सांगितलं नव्हतं. फौजेत ते उत्तर चालतच नसे. पण हे तिला सांगून काय उपयोग होता? मागून पोत्यांची हातगाडी आली. हमाल ओरडला, "सरका, म्हातारबा, सरका." ते सरकले. गाडी मधून गेली, धुरळा उठला. तो बसेपर्यंत ते टोपी हातात धरून कडेला उभे राहिले. बायका पुन्हा कामाला लागल्या होत्या आणि बनुबाईनं हळकुंडांचा नवा ढीग पुढं ओढला होता. तिचा हात अजून थरथरतो की काय, एवढं तरी बघून जावं असं त्यांना वाटलं. पण जवळ जायचं धैर्य झालं नाही, आणि लांबून त्यांना दिसत नव्हतं.

शेडमध्ये परत आल्यावर भाऊसोंनी विचारलं, "येते म्हणाली?"

"न्हाई."

"का? काय सांगितलंत तिला?"

"इचारलं ते सांगितलं," हवालदार म्हणाले आणि स्टोअरमध्ये जाऊन त्यांनी त्या वीस किड्यांपैकी एका पेटीपुरते सहा, स्पंजासकट कापून, शालूबाईच्या टेबलावर नेऊन ठेवले.